विंचेस्टर, मार्लिन की सॅव्हेज? तीन ब्रँड आणि एक जॉन ब्राउनिंग

जुन्या अमेरिकेतला घोडेस्वार, हातात लांब रायफल, आणि प्रत्येक गोळीनंतर खालची कडी खट-खट करत खाली-वर. हे दृश्य आपण सिनेमात पाहिलंय. ज्यांनी 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळलाय त्यांनी तर ती कडी शेकडो वेळा ओढली असेल. गेममध्ये नावं बदललेली आहेत, पण तिथली लँकेस्टर रिपीटर म्हणजे खऱ्या जगातली विंचेस्टर हे ओळखायला वेळ लागत नाही. या प्रकाराला लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणतात.

मग प्रश्न येतोच. यातली भारी कोणती? विंचेस्टर, मार्लिन की सॅव्हेज? आपल्याकडे हा प्रश्न खरेदीचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयही संपला. पण यंत्र म्हणून हा प्रश्न खूप मजेशीर आहे. एकच काम करणारी तीन यंत्रं, तीन कंपन्या, आणि प्रत्येकीने वेगळ्या ठिकाणी केलेली तडजोड. ती तडजोड समजून घ्यायची तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. विंचेस्टरच्या बहुतेक गाजलेल्या रायफली त्याने डिझाइन केल्या, पण नळीवर नाव विंचेस्टरचंच राहिलं.

आधी यंत्र समजून घेऊ

साध्या बंदुकीत एक गोळी झाडली की दुसरी हाताने भरावी लागते. लिव्हर-ॲक्शनमध्ये नळीच्या खाली आणखी एक नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी रचलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. हे झालं मॅगझिन.

चापाभोवतीची कडी खाली ओढली की एका झटक्यात बरीच कामं होतात. बोल्ट मागे सरकतो, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मागचा घोडा ताणला जातो आणि मॅगझिनमधून एक काडतूस उचलणीवर येतं. कडी वर घेतली की बोल्ट ते काडतूस नळीत ढकलतो आणि जागेवर लॉक होतो. इतकंच.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे हे लॉक होणं. काडतूस पेटतं तेव्हा जितका दाब गोळीला पुढे ढकलतो, तितकाच तो बोल्टला मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने ढकलतो. लॉक कच्चं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

सुरुवातीच्या रायफलींत हे काम गुडघ्यासारखा एक सांधा करत असे. बेंजामिन टायलर हेन्रीच्या १८६० च्या रायफलीत तो होता, आणि तिच्यातूनच पुढे आलेल्या विंचेस्टर १८६६ आणि १८७३ मध्येही. पाय सरळ असताना गुडघा वजन पेलतो, तसंच हे. छोट्या काडतुसाला पुरेसं होतं. १८७३ मॉडेलचं .४४-४० काडतूस तसंच होतं, म्हणजे .४४ चा व्यास आणि ४० ग्रेन काळी दारू.

अडचण मोठ्या काडतुसाची होती. अमेरिकन सैन्याचं .४५-७० हे काडतूस लांब आणि जास्त जोराचं. ते विंचेस्टरच्या गुडघ्यात मावतही नव्हतं आणि झेपतही नव्हतं. आणि विंचेस्टरच्याच गावात, न्यू हेवनमध्ये, जॉन मार्लिन नावाच्या माणसाची छोटी कंपनी होती. तिने १८८१ मध्ये .४५-७० झाडणारी लिव्हर-ॲक्शन बाजारात आणली. म्हणजे मोठ्या ब्रँडकडे जे नव्हतं ते शेजारच्या छोट्या ब्रँडकडे होतं.

ऑग्डनचा गाळा

न्यू हेवनपासून हजारो किलोमीटर पश्चिमेला, युटा प्रांतात ऑग्डन नावाचं छोटं गाव. जानेवारी १८५५ मध्ये जॉन इथे जन्मला. वडील जोनाथन ब्राउनिंग बंदुका बनवणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे असल्यामुळे इलिनॉयमधून स्थलांतर करून आलेले, तीन बायका आणि बावीस मुलं असा मोठा संसार. दुकानात बंदुकांबरोबर गावकऱ्यांची अवजारंही दुरुस्तीला येत. जॉनला शाळा थोडीच मिळाली. त्याचं खरं शिक्षण वडिलांच्या भंगाराच्या ढिगात झालं. दहा वर्षांच्या आसपास त्याने मोडक्या नळीपासून स्वतःची पहिली बंदूक जुळवली आणि तिच्यावर रानकोंबड्या मारून आणल्या, अशी गोष्ट त्या कुटुंबात सांगितली जात असे.

१८७९ मध्ये तीन गोष्टी एकदम घडल्या. जॉनचं रेचेल चाइल्डशी लग्न झालं, वडील वारले, आणि त्याला पहिलं पेटंट मिळालं. पेटंट एका गोळीच्या साध्या, पण अतिशय मजबूत रायफलीचं होतं. भावांनी मिळून कारखाना थाटला. कारखाना म्हणजे काय, तर आपल्या वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या बाजूला जसे गाळे असतात तसा प्रकार. काही मशीनं, घरचीच माणसं, आणि ऑर्डर आली की रात्र-दिवस काम. धाकटा सख्खा भाऊ मॅथ्यू हिशेब आणि व्यवहार सांभाळायचा, सावत्र भाऊ मशीनवर. जॉन कागदावर फारसं काढत नसे. भाग डोक्यात जुळवायचा आणि थेट धातूत घडवायचा. काही वर्षांत सहाशेच्या आसपास रायफली या गाळ्यातून गेल्या.

त्यातली एक वापरलेली रायफल विंचेस्टरच्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती लागली. त्याने ती न्यू हेवनला पाठवून दिली.

आठ हजार डॉलर

विंचेस्टर कंपनीचा संस्थापक ऑलिव्हर विंचेस्टर मुळात शर्ट बनवणारा व्यापारी. यंत्र त्याचं नव्हतं, पण धंद्याची नजर होती. तो १८८० मध्ये वारला आणि कारभारात त्याचा जावई टी. जी. बेनेट पुढे आला. ऑग्डनहून आलेली रायफल बघून बेनेट १८८३ मध्ये स्वतः रेल्वेने निघाला. एवढ्या मोठ्या कंपनीचा साहेब त्या गाळ्यात येऊन उभा राहिला, आणि सौदा झाला. आठ हजार डॉलर एकरकमी आणि सगळे हक्क विंचेस्टरचे. ही रायफल मॉडेल १८८५ म्हणून विकली गेली. ब्राउनिंग बंधूंना मात्र स्वतःचीच रायफल बनवणं थांबवावं लागलं.

त्या वेळी हा सौदा वाईट नव्हता. गावातल्या दुकानासाठी ती रक्कम प्रचंड होती आणि हजारो नग बनवायची ताकद त्यांच्याकडे नव्हतीच. पण पुढच्या जवळपास वीस वर्षांची रीत इथेच ठरली. जॉन डिझाइन करणार, विंचेस्टर एकरकमी विकत घेणार, विक्रीवर टक्का नाही.

बेनेटला खरी गरज लिव्हर-ॲक्शनची होती आणि जॉनच्या डोक्यात ती तयार होती. तिचं पेटंट १८८४ मध्ये झालं. गुडघ्याचा सांधा त्याने काढूनच टाकला. त्याऐवजी बोल्टच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या बसवल्या. कडी वर घेतली की पट्ट्या खाचांत वर सरकतात आणि बोल्ट दोन्हीकडून अडतो, दाराला दोन कड्या घालतो तसा. हेच मॉडेल १८८६. .४५-७० त्यात आरामात चालायचं. मार्लिनची आघाडी संपली.

नंतर बेनेटला तीच रचना छोट्या काडतुसासाठी हवी होती. जॉनच्या चरित्रांत हमखास येणारी कथा अशी, की बेनेटने दोन-तीन महिन्यांची मुदत देऊ केली, तर जॉनने तीस दिवसांत देतो पण किंमत वीस हजार डॉलर, आणि दिवस उलटला तर फुकट, अशी पैज घेतली. मॉडेल १८९२ वेळेत पोचलं. त्याचे दहा लाखांहून जास्त नग निघाले.

मग १८९४. बिनधुराची दारू नुकतीच आली होती, तिचा दाब जुन्या काळ्या दारूपेक्षा खूप जास्त. जॉनने बोल्टच्या मागे एकच जाड ठोकळा वर येईल अशी रचना केली. कडी ओढली की यंत्राचा तळही थोडा खाली उतरतो, त्यामुळे लांब काडतुसाला जागा मिळते आणि एरवी रायफल सडपातळ राहते. .३०-३० काडतुसासह ही जोडी १८९५ पासून चालली ती चाललीच. मॉडेल १८९४ चे पुढे सत्तर लाखांहून जास्त नग निघाले.

तर मग निवडायचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९०० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एखाद्या शेतकऱ्याला रायफल घ्यायची असेल तर त्याच्यासमोर काय होतं?

विंचेस्टर १८९४: हलकी, सडपातळ, घोड्यावर बसून वापरायला उत्तम. पण वरचं तोंड उघडं. पुंगळी सरळ वर उडते. त्यामुळे पुढे दुर्बिणी आल्या तेव्हा त्या नळीच्या बरोब्बर वर बसवता येईनात. कंपनीने पुंगळी तिरकी फेकण्याची सुधारणा केली ती थेट १९८० च्या दशकात.

मार्लिन: १८८९ च्या मॉडेलपासून वरचा भाग बंद पोलादाचा आणि पुंगळी उजव्या बाजूने बाहेर. पाऊस-धूळ आत कमी जाते आणि वर सपाट जागा मिळते. ही कल्पना मार्लिनच्या लुईस हेपबर्नची. दुर्बिणीचा काळ आला तेव्हा हाच निर्णय मार्लिनला तारून गेला.

सॅव्हेज १८९९: हिची गोष्टच वेगळी. आर्थर सॅव्हेज जमैकात जन्मलेला. त्याने खालची नळी काढून पोटात फिरतं चक्र बसवलं. काडतुसं त्या चक्राच्या खाचांत बसतात. हे का महत्त्वाचं? नळीच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे प्रायमरला टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार असेल तर रायफलीच्या धक्क्याने प्रायमर पेटू शकतो आणि मॅगझिनच फुटू शकतं. म्हणून नळीवाल्या रायफलींत बोथट गोळ्या वापरतात. अणकुचीदार गोळी हवा कापत लांब आणि सरळ जाते, आणि ती सॅव्हेजमध्ये बिनधोक चालते. शिवाय बाहेर दिसणारा घोडा नाही, आणि किती काडतुसं उरली ते दाखवणारा आकडा छोट्या खिडकीत. पण भाग जास्त, बनवायला खर्च जास्त.

हाच अणकुचीदार गोळीचा प्रश्न ब्राउनिंगने विंचेस्टर १८९५ मध्ये सोडवला. त्याने बोल्टच्या खाली उभी पेटी दिली, काडतुसं एकावर एक. पहिल्या महायुद्धात रशियाने या मॉडेलच्या तीन लाखांच्या आसपास रायफली घेतल्या. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेला तेव्हा त्याच्याकडेही १८९५ होती. पण पेटीमुळे पोट फुगलं, आणि १८९४ हातात धरायला जितकी सुटसुटीत होती तितकी ही राहिली नाही.

थोडक्यात, हलकी आणि झटपट हवी तर विंचेस्टर १८९४, दुर्बीण लावायची तर मार्लिन, लांबचा नेम हवा तर सॅव्हेज. सगळ्यात भारी अशी कोणतीच नाही. प्रत्येकीने काहीतरी मिळवायला काहीतरी सोडलंय.

विकत घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं

आता जी गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नव्हती ती बघू. वीसेक वर्षांत विंचेस्टरने ब्राउनिंगकडून चाळीसहून जास्त डिझाइन विकत घेतली. बाजारात आली त्यातली दहाच्या आसपास. बाकीची कपाटात गेली. ती वाईट होती म्हणून नाही. ती मार्लिन किंवा दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. म्हणजे ग्राहक तीन ब्रँडमधून निवडत होता तेव्हा त्याच्यासमोर काय येणार हे आधीच कोणीतरी निवडून ठेवलं होतं.

ब्रँडची ओढ इंजिनिअरच्या मतावरही मात करायची. विंचेस्टरला छर्ऱ्याची बंदूक हवी होती. जॉनचं मत होतं की त्यासाठी नळीखालचा दांडा पुढे-मागे ओढायची पद्धत चांगली. पण विंचेस्टर म्हणजे लिव्हर अशी ओळख झालेली, म्हणून कंपनीने लिव्हरचाच आग्रह धरला. मॉडेल १८८७ तसं निघालं, अवजड. काही वर्षांनी कंपनी शेवटी दांड्याच्या पद्धतीवर आली. मॉडेल १८९७ प्रचंड खपलं. ते डिझाइनही जॉनचंच.

१८८७ ते १८८९ ही दोन वर्षं तो पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जियात होता. या काळात बंदुकांचं काम बाजूला राहिलं. परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की गोळी सुटताना नळीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वायूने समोरचं गवत वाकतंय. एवढी ताकद फुकट जातेय! त्याने एक लिव्हर-ॲक्शन रायफल घेतली, नळीच्या तोंडाशी एक झडप बसवली आणि दांड्याने ती कडीला जोडली. आता कडी हाताऐवजी वायू ओढू लागला. याच प्रयोगातून कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन तयार झाली. आपल्याच लिव्हरची गरज संपवणारा रस्ता त्यानेच काढला.

टक्का मागितला आणि दार बंद झालं

१८९० च्या दशकाच्या शेवटी त्याने स्वतःहून काडतूस भरणारी छर्ऱ्याची बंदूक तयार केली. याच्यासारखं बाजारात काहीच नव्हतं. या वेळी त्याने एकरकमी पैसे नाकारले आणि प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. बेनेटला ते मान्य नव्हतं. एकदा टक्का दिला की जुनी रीत मोडणार. शिवाय स्वयंचलित बंदूक गाजली तर विंचेस्टरच्या स्वतःच्याच लिव्हर आणि दांड्याच्या बंदुका मागे पडणार. १९०२ मध्ये संबंध तुटले.

जॉन रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला. पण भेटीच्याच दिवशी, ८ जानेवारी १९०२ ला, मार्सेलस हार्टली वारले. मग त्याने बोट पकडली आणि बेल्जियम गाठलं. तिथे एफएन ही कंपनी त्याचं पिस्तूल रॉयल्टीवर आधीपासून बनवत होती. तिने बंदूकही घेतली, आणि वस्तूवर नाव ब्राउनिंगचं घातलं.  विंचेस्टरने नंतर स्वतःची स्वयंचलित बंदूक बनवायचा प्रयत्न केला, पण ब्राउनिंगच्या पेटंटभोवतीच घुटमळत राहिली. ती पेटंटं त्यांच्याच वकिलाने पूर्वी इतकी पक्की लिहून दिली होती.

ब्राउनिंग, लंडनहून मुंबईमार्गे नाशिकला

एफएनचं पिस्तूल युरोपात इतकं खपलं की ब्राउनिंग हा शब्दच पिस्तुलाला वापरला जाऊ लागला. मराठी वाचकांना हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचा आहे. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारे चतुर्भुज अमीन वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यात लपवून मुंबईत घेऊन आले. ती सावरकरांनी पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या त्यातल्याच पिस्तुलातून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

१९१४ मध्ये साराजेव्होला आर्चड्यूकवर झाडलेलं पिस्तूलही ब्राउनिंगचंच डिझाइन. आणि त्यातून पेटलेल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला लागलेली मशीनगनही त्याचीच. त्या हक्कांसाठी सरकारने साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगावर टक्का घेतला असता तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. विंचेस्टरशी टक्क्यासाठी भांडलेला हा माणूस इथे घासाघीस न करता हो म्हणाला. यंत्र कोणाच्या हातात जाईल आणि कशासाठी, यावर मात्र ना त्याचा ताबा राहिला ना कंपनीचा.

२६ नोव्हेंबर १९२६ ला, बेल्जियममधल्या एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅलच्या ऑफिसमध्ये त्याचं हृदय थांबलं. वय ७१. नावावर १२८ पेटंटं. हाती घेतलेली दुनळी बंदूक व्हॅलने पूर्ण केली. अर्धवट राहिलेलं पिस्तूल कंपनीच्या दिउदोने सेव्हने १९३५ मध्ये तडीस नेलं, ते हाय-पॉवर. आपल्या सैन्याचं आणि पोलिसांचं ईशापूरला बनणारं ९ एमएमचं पिस्तूल त्याचीच आवृत्ती.

आज त्या ब्रँडचं काय झालं?

विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आज विंचेस्टर नावाच्या लिव्हर-ॲक्शन रायफली जपानच्या मिरोकू कंपनीत बनतात, आणि त्या नावाचा परवाना आहे ब्राउनिंग आणि एफएन ज्या समूहात आहेत त्याच्याकडे. म्हणजे शंभर वर्षांनी विंचेस्टर हे नाव भाड्याने ब्राउनिंगच्या घरी आलं. मार्लिन रेमिंग्टनने घेतली, रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर ती रुगरकडे गेली. सॅव्हेजची ती चक्रवाली रायफल विसाव्या शतकाबरोबर थांबली. आणि हेन्री नावाची जी कंपनी आज दिसते ती १९९० च्या दशकातली. जुन्या हेन्रीशी तिचं नातं फक्त नावाचं.

त्यामुळे कोणता ब्रँड चांगला या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कोणत्या वर्षाचा, कोणत्या कारखान्याचा आणि कोणाच्या डिझाइनचा, हे विचारावं लागतं. हे रायफलीपुरतं नाही. फोन, लॅपटॉप, मिक्सर, कशालाही लावून बघा.

दुसरी गोष्ट बनवणाऱ्यांसाठी. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागते तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात एक कलम असतं, तुम्ही जे बनवाल ते कंपनीचं. आपण ते न वाचता सही करतो, मीही केली होती. वालीवच्या गाळ्यातला माणूसही मोठ्या ब्रँडसाठी जॉबवर्क करताना एखादी युक्ती काढतो आणि ती पार्टबरोबरच निघून जाते. एकरकमी पैसे घेणं चूक असतंच असं नाही. ऑग्डनच्या दुकानाला आठ हजारांनीच उभं केलं. फक्त आपण काय विकतोय, काय राखतोय आणि विकलेलं कपाटात गेलं तर चालेल का, हे सहीच्या आधी एकदा वाचावं. ब्राउनिंगला ते कळायला जवळपास वीस वर्षं लागली.